परदेशात स्थानिक चव आणि आडवाटा शोधताना या चुका टाळा

परदेशात फिरून आलेल्या अनेकांची तक्रार सारखीच असते. खाणं बेताचं निघालं, आणि जे पाहिलं ते सगळ्यांनी पाहिलेलंच होतं. महिनाभर खपून केलेली यादी त्यांच्याजवळ असते. त्या गावातली माणसं कधी जेवतात आणि बस कोणत्या दिवशी धावते, हे मात्र विमानात बसेपर्यंत कोणी बघत नाही. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ त्यातच आहे.

आपल्याला भूक लागली म्हणून जेवायला निघणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीमुळे होतं. माद्रिदचं उदाहरण घ्या. दिवसभर पायपीट झाली, संध्याकाळचे साडेसहा वाजले, पोटात कावळे ओरडतायत. गल्लीबोळातल्या चांगल्या खाणावळींची स्वयंपाकघरं बंद असतात, कारण दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान उरकलेलं असतं आणि रात्रीचं नऊच्या आसपास सुरू होतं. या वेळी पूर्ण गरम जेवण मिळतं ते मोठ्या चौकात, दारात उभा राहून हाका मारणारा माणूस असतो तिथे. तिथे पाएया हा भाताचा पदार्थ मागवला जातो. तो मुळात वॅलेन्सियाचा, तोही तिकडे दुपारी खातात. पुढ्यात येतो तो अनेकदा गोठवलेला, नुसता गरम करून दिलेला. मग घरी येऊन सांगितलं जातं की स्पेनचं जेवण काही खास नाही. स्पेनचं जेवण चाखलेलंच नसतं.

यावर उपाय म्हणजे दिवसाचं मुख्य जेवण दुपारी दोनला घेणं. कामाच्या दिवशी बहुतेक खाणावळींत ‘मेनू देल दिया’ असतो. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एकाच ठरलेल्या किमतीत. संध्याकाळी बारपाशी उभं राहून तापासवर, म्हणजे छोट्या छोट्या पदार्थांवर भागवायचं आणि रात्रीचं जेवण साडेनऊला.

प्रत्येक देशाचं घड्याळ वेगळं असतं. फ्रान्समध्ये दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं ते संध्याकाळी सात-साडेसातलाच उघडतं. मधल्या वेळेत ‘सर्व्हिस कोंतिन्यू’ (जेवण न थांबता चालू) अशी पाटी शोधावी. इस्तंबूलच्या ‘एस्नाफ लोकांतासी’ म्हणजे कामगार-दुकानदारांच्या खाणावळी. त्यांचं सगळं तेज दुपारच्या जेवणात असतं. सकाळी शिजवलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवून मागायचे; दोननंतर चांगली भांडी रिकामी होत जातात. हनोईतला फो, म्हणजे नूडल्सचं सूप, हा प्रामुख्याने सकाळचा नाश्ता, त्यामुळे नामांकित ठेल्यावर उशिरा गेलं तर फक्त रिकामं पातेलं दिसतं. निघण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि आठवड्याची सुट्टी. बाकी यादी त्यानंतर करावी.

ताऱ्यांवर डोळे झाकून विश्वास

गुण देण्याची सवय देशागणिक बदलते. जपानच्या ताबेलोग या खाणावळींना गुण देणाऱ्या संकेतस्थळावर पाचपैकी 3.5 गुण म्हणजे उत्तम ठिकाण, 4.6 शोधत बसलात तर उपाशी राहाल. गूगल मॅप्सवर अभिप्राय नव्यापासून लावा, आणि स्थानिक भाषेत लिहिलेले आधी वाचा. शोधशब्दही त्याच भाषेत, त्याच लिपीत टाका. ‘जवळचं उत्तम रेस्टॉरंट’ असं इंग्रजीत शोधलं तर इंग्रजीत जाहिरात करणारेच वर येतात. ओसाकात ‘तेइशोकु’ हा शब्द जपानी लिपीत चिकटवून पाहा, यादी पूर्ण बदलते. तेइशोकु म्हणजे भात, सूप आणि मुख्य पदार्थ एकत्र असलेलं ताट. दक्षिण कोरियात नेव्हर मॅप किंवा काकाओमॅप घ्या. चीनमध्ये गूगल चालत नाही, तिथे आमॅप लागतं. हे सगळं आणि भाषांतराची ऑफलाइन फाइल घरच्या वायफायवरच उतरवून ठेवायची. विमानतळावर उतरवू म्हणणारे हमखास अडकतात.

चित्रांचा मेनू दिसला की पाठ फिरवणं

युरोपातल्या पर्यटकी चौकांत हा नियम बरा आहे, जपानमध्ये साफ चुकीचा. तिथे काचेत मांडलेले प्लास्टिकचे नमुने नेहमीच्या, चांगल्या खाणावळींतही असतात. इटलीत त्यापेक्षा पदार्थापुढची चांदणी बघा. खाली बारीक अक्षरात ती गोठवलेल्या मालाची खूण असल्याचं लिहिलेलं असतं. फ्रान्समध्ये पातेल्यावर छप्पर असलेलं चिन्ह म्हणजे ‘फे मेझों’, तिथेच कच्च्या मालापासून बनवलेलं. हा नियम 2014 पासून आहे.

‘मांस नको’ एवढंच सांगणं

थायलंड-व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचा सॉस असतो, जपानी सूपच्या मुळाशी सुकवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. बनवणाऱ्याच्या लेखी तो मांसात मोडत नाही, त्यामुळे फसवण्याचा हेतू कोणाचाच नसतो. मासा, माशाचा सॉस, कोळंबी, हाडांचं पाणी असं एकेक नाव स्थानिक भाषेत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ आणि व्हिएतनाममध्ये ‘चाय’ (दोन्हींचा अर्थ शाकाहारी) लिहिलेलं दिसलं की निश्चिंत बसा. ॲलर्जी असेल तर हे कार्ड हवंच हवं.

पोर्तुगालमध्ये बसताक्षणी पाव-ऑलिव्ह समोर येतात. ते फुकट नसतात. नको असतील तर हात न लावता परत पाठवा.

‘गुपित ठिकाणं’ नावाच्या याद्या

ज्या जागेचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला ती जागा आडवाटेची उरत नाही. ऑस्ट्रियातलं हालश्टाट हे आठशेच्या आतबाहेर वस्तीचं गाव. सेल्फीसाठी लोटणाऱ्या गर्दीला आवरायला 2023 मध्ये तिथे काही काळ लाकडी कुंपण घालावं लागलं होतं. याद्यांच्या मागे धावण्यापेक्षा एखाद्या वस्तीत पूर्वी कोणता धंदा चालायचा ते शोधा. खाणं आणि पाहणं दोन्ही त्यातूनच सापडतं.

रोममधलं तेस्ताच्चो बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 1975 पर्यंत इथे शहराचा कत्तलखाना होता. कामगारांच्या वाट्याला उरलेसुरले भाग यायचे आणि त्यातून आतडी, शेपटी, जीभ यांची ‘क्विंतो क्वार्तो’ नावाची अख्खी पाकपरंपरा उभी राहिली. ती चाखायची तर सोमवार ते शनिवार दुपारच्या आत तेस्ताच्चोचा बाजार गाठावा. शेजारचा मोन्ते तेस्ताच्चो म्हणजे प्राचीन तेलाच्या फुटक्या रांजणांची टेकडी. वर जायला आधी परवानगी लागते, ती न घेता जाणारे फाटकावरून परततात. तिथून अर्ध्या तासाच्या आत चालत चेंत्राले मोन्तेमार्तीनी हे संग्रहालय. 1912 च्या वीजकेंद्रातल्या प्रचंड डिझेल इंजिनांसमोर पांढरे संगमरवरी रोमन पुतळे उभे आहेत. गर्दी नावालाही नसते. सोमवारी बंद.

परतीची बस न बघणं

आडगावी अडकण्याचं कारण नेहमी हेच. इटलीत थांब्यावर ‘फेरियाले’ आणि ‘फेस्तीवो’ असे दोन रकाने असतात. फेरियाले हा शब्द सुट्टीचा वाटतो, पण त्याचा अर्थ सोमवार ते शनिवार. फेस्तीवो म्हणजे रविवार आणि सण, आणि तो रकाना डोंगराळ भागात बऱ्याचदा कोराच असतो. नेमका रविवार निवडायचा, चुकीचा रकाना वाचायचा, टेकडीवरचं गाव मनसोक्त बघून सहा वाजता थांब्यावर यायचं, आणि मग समजायचं की सकाळी आपल्याला आणून सोडणारी बस हीच आजची एकमेव होती. अशा गावात टॅक्सीचा थांबा नसतो. जर्मनीत ‘वेर्कटाग्स’मध्ये शनिवार धरलेला असतो. जपानच्या वेळापत्रकात शनिवार-रविवार आणि सणाचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात. तिथे संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद. सोमवारी सरकारी सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि बंदी मंगळवारवर जाते.

म्हणून आधी परतीची वेळ बघायची, मग जायची. उतरल्याबरोबर थांब्यावरच्या पाटीचा फोटो, तारखेच्या तळटीपांसकट. शाळेच्या दिवसांतच धावणाऱ्या बसची खूण त्या तळटीपांत असते, आणि ऑगस्टमध्ये ती बस येत नाही. परतायला शेवटच्या आधीची बस धरायची. ती चुकली तर शेवटची हाताशी राहते.