थंडीत फोर स्ट्रोक स्नोमोबाईल चालू होत नाही? या चुका टाळा

सकाळचे साडेसात, कॅनडातल्या लेक विनिपेगचा बर्फ, मायनस ३३, आणि स्टार्टचं बटण दाबलं की नुसता खट् असा आवाज, बास. इंजिन हलायलाच तयार नाही. किनारा सहा किलोमीटर लांब, फोनची बॅटरी थंडीने निम्म्यावर आलेली, आणि ज्या मित्राला मी भरवसा देऊन बरोबर नेलं होतं तो काही न बोलता शेजारी उभा. नशीब एवढंच की मासे पकडायच्या ज्या खोपटात आम्ही रात्री थांबलो होतो तिथला हीटर चालू होता. बॅटरी काढून आत नेली, हीटरपासून हातभर लांब ठेवली, दीड तासाने परत लावली आणि शेजारच्या खोपटातल्या काकांनी त्यांचा बूस्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला जोडून जोर द्यायचा छोटा बॅटरी पॅक, दिला तेव्हा कुठे गाडी चालू झाली.

नंतर बरेच दिवस डोक्यात तेच, नेमकं बिघडलं काय? तर काहीच बिघडलं नव्हतं. आदल्या दुपारपासून मी ती गाडी सात-आठ वेळा चालू केली होती, बर्फातल्या ह्या भोकापासून त्या भोकापर्यंत दोनशे मीटर, बंद, परत चालू, आणि दर वेळी हँडलचे हीटर फुल. म्हणजे सकाळी गाडी बंद पडायची सगळी तयारी मी आदल्या संध्याकाळीच करून ठेवली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की थंडीत फोर स्ट्रोक चालू झाली नाही तर आधी काल काय केलं ते आठवायचं, मग इंजिन उघडायचं.

फोर स्ट्रोकलाच हा त्रास का

गुलमर्गला फिरायला गेलेल्यांनी स्नो बाईक म्हणून जिच्यावर फेरी मारलीय तीच ही गाडी, इथे मॅनिटोबात सगळे तिला स्लेड म्हणतात. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, मध्ये आपल्या गिअरलेस स्कूटरसारखा बेल्टवाला सीव्हीटी. १९५९ मध्ये क्वेबेकच्या बॉम्बार्डिएने पहिली स्की-डू विकायला काढली तेव्हापासून पुढची चाळीसेक वर्षं ह्या गाड्या बहुतेक सगळ्या टू स्ट्रोकच होत्या, दोरी ओढायची की चालू. २००३ च्या मॉडेलमध्ये यामाहाची आरएक्स-१ आली त्यानंतर फोर स्ट्रोक खऱ्या अर्थाने रुळल्या, आवाज कमी, धूर नाही, पेट्रोल कमी पितात.

पण टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं, खाली थिजून बसलेला साठा नसतो. फोर स्ट्रोकमध्ये दोन-तीन लिटर ऑइल आत असतं, वर कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, हे सगळं ओढाताण करून फिरवायचं काम एकटा स्टार्टर करतो, आणि बऱ्याच मॉडेलना ओढायला दोरीच नाही. बॅटरी गेली की सगळं गेलं.

"ऑइल काय, कुठलंही चालतं"

नाही चालत. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेलाची बाटली थिजते आणि आई ती गरम पाण्यात धरते ना, तसंच इंजिन ऑइलचं होतं, फक्त ते पांढरं पडत नाही, काकवीसारखं घट्ट होतं म्हणून बाहेरून कळत नाही. डब्यावरचा डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू ऑइल इंजिन फिरवायला किती जड जातं ही टेस्ट मायनस २५ ला घेतात, ५डब्ल्यूची मायनस ३० ला आणि ०डब्ल्यूची मायनस ३५ ला. म्हणजे ज्याने कारमधलं उरलेलं १०डब्ल्यू-४० स्लेडमध्ये ओतलं त्याने मायनस ३३ ची सकाळ आधीच घालवली. मॅन्युअलमध्ये जे ०डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-४० सिंथेटिक सांगितलंय तेच टाका. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय टाकलं होतं ह्यावर विश्वास न ठेवता पहिल्या थंडीच्या आत स्वतः बदला, ओळखीतल्या दोन-तीन मराठी मंडळींनी इथे येऊन जुन्या स्लेड घेतल्या त्या प्रत्येकाला मी हेच पहिलं काम सांगितलं.

एक गैरसमज इथेच काढतो. हवामानाच्या बातम्यांत "फील्स लाईक मायनस ४५" सांगतात ते आपल्या कातडीसाठी. गाडीचं लोखंड हवेच्या खऱ्या तापमानाखाली जात नाही, खरं तापमान मायनस ३० असेल तर ऑइलसाठी मायनस ३०च धरा. वारा फक्त गाडी लवकर गार करतो, म्हणून वाऱ्यात उभी केलेली स्लेड चहा पिऊन येईपर्यंत थंडगार झालेली असते.

बॅटरी, सगळ्यात जास्त चुका इथे

मायनस १८ च्या आसपास लीड ॲसिड बॅटरीची इंजिन फिरवायची ताकद निम्म्याच्या आसपास येते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिनला जास्त ताकद लागते. दोन्हीकडून मार. त्यामुळे ऑक्टोबरात मस्त फिरवणारी बॅटरी जानेवारीत खट् करते आणि लोक स्टार्टर मोटर बदलायला धावतात.

साधा मल्टीमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना १२.६-१२.७ व्होल्ट किंवा वर म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, १२ च्या खाली म्हणजे चार्जरला लावा आणि मगच बाहेर पडा. पण खरी परीक्षा स्टार्ट मारताना. बटण दाबलेलं असताना व्होल्टेज साडेनऊच्या खूप खाली पडत असेल तर कधी कधी इंजिन फिरतं पण इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला पुरेसा करंट मिळत नाही, मग स्पार्क नाही, पेट्रोल नाही, आणि माणूस प्लग काढून बघत बसतो.

आणि हे नीट वाचा: पूर्ण उतरलेली बॅटरी मायनस १० च्या आसपाससुद्धा आतून गोठू शकते, भरलेली मात्र मायनस ५० ला पण गोठत नाही. म्हणून उतरलेली बॅटरी "नंतर बघू" म्हणून बाहेर सोडू नका. बाजू फुगलेली दिसली, गोठल्याचा संशय आला तर तिला जंपर लावू नका, चार्जही करू नका, फुटू शकते. घरात आणून वितळू द्या, डबा तडकलाय का बघा, तडकला असेल तर थेट नवीन घ्या.

टर्मिनलचे स्क्रू पण एकदा बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ट्रॅकच्या हादऱ्याने ते हमखास सैल होतात, इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर तर कोणी बघतच नाही.

वजन कमी म्हणून काहींनी लिथियम बॅटरी बसवलीय. ती कडक थंडीत पहिल्या दाबाला झोपलेली असते, आधी मिनिटभर हेडलाईट किंवा हँडलचे हीटर लावून तिला आतून थोडी गरम करावी लागते मग ती जोर धरते, आणि शून्याच्या खाली तिला चार्जरवर टाकणं तिच्यासाठी वाईट. उत्तरेच्या थंडीसाठी मी अजूनही चांगली एजीएमच, म्हणजे सीलबंद लीड ॲसिड बॅटरीच, घेईन.

छोट्या फेऱ्या आणि लगेच बंद

हीच माझी चूक, आणि मला वाटतं फोर स्ट्रोकची खरी दुश्मन. ट्रेलरवरून उतरवायला चालू केली, वीस सेकंदात बंद. मुलांना अंगणात एक चक्कर, बंद. दर वेळी काय होतं बघा. थंड इंजिनला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देतो, ते नीट जळत नाही, प्लग ओले होतात आणि काही पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. पेट्रोल जळल्यावर पाण्याची वाफ तयार होते, इंजिन गरम झालं नाही तर तीही आतच थांबते. एवढ्या वेळात स्टार्टरने खाल्लेली बॅटरी परत भरत नाही, हँडलचे हीटर लावून गाडी नुसती आयडलला ठेवली तर उलट अजून उतरायची शक्यता.

मग ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून पांढरट, लोण्यासारखा थर दिसतो. लोक घाबरतात की हेड गॅस्केट गेलं. कूलंट कमी होत नसेल तर बहुतेक वेळा ती नुसती साठलेली वाफ असते, अर्धा-पाऊण तास चांगली दौडवली की निघून जाते. पण दुर्लक्ष केलं तर हीच वाफ क्रँककेसच्या ब्रीदर नळीत, म्हणजे इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणाऱ्या नळीत, गोठते, बूच बसल्यासारखं होतं, आतला दाब कुठून तरी बाहेर येणारच, मग डिपस्टिक वर उडते किंवा ऑइल सील गळायला लागतं. ब्रीदरची नळी तुमच्या गाडीत कुठून कुठे जाते हे उन्हाळ्यातच बघून ठेवा. ऑइलची लेव्हल आपोआप वाढलेली दिसली आणि त्याला पेट्रोलचा वास आला तर खूश होऊ नका, ते ऑइल पातळ झालंय, बदला. आणि लेव्हल मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशीच बघा, काही गाड्यांत ऑइलची टाकी वेगळी असते, त्यांची लेव्हल गरम इंजिनवरच खरी कळते, थंड असताना कमी दिसली म्हणून लोक जास्त ओततात.

नियम एकच ठेवा, चालू केली तर नीट गरम होईपर्यंत चालवा. उगीच पंधरा मिनिटं जागेवर आयडलला पण नको, दोन-तीन मिनिटं, आवाज स्थिर झाला की हळू निघा.

जुन्या सवयी

आपल्यातल्या बऱ्याच जणांचा हात चेतक आणि लूनावर बसलेला. आडवी कर, चोक ओढ, रेस दे. इंजेक्शनवाल्या फोर स्ट्रोकवर हे सगळं विसरा. स्टार्ट मारताना अंगठ्याने थ्रॉटल दाबत राहायचं नाही, कॉम्प्युटर तापमान बघून पेट्रोल ठरवतो, त्याला त्याचं काम करू द्या. गाडी ओव्हरफ्लो झाली असं वाटलं तर बऱ्याच गाड्यांत उलटी युक्ती असते, थ्रॉटल पूर्ण दाबून धरायचा आणि मगच स्टार्ट मारायचा, तेव्हा पेट्रोल तोडलं जातं आणि सिलिंडर कोरडे होतात. तुमच्या मॉडेलला हे आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. आणि सेल्फ सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर स्टार्टर तापतो आणि बॅटरीत जे उरलंय तेही संपतं.

पेट्रोलचं थोडक्यात: हिवाळ्यात पंपावर मिळणारं पेट्रोल थंडीत लवकर वाफ होईल असं बनवलेलं असतं, जुलैत भरलेल्या कॅनमधलं तसं नसतं. इथेनॉलवालं पेट्रोल वर्षभर पडून राहिलं की पाणी ओढतं, आणि कडक थंडीत ते पाणी वेगळं होऊन तळाला बसतं आणि फिल्टरमध्ये गोठतं. टाकी भरलेली ठेवा, ताजं पेट्रोल वापरा.

कूलंट घट्टच ओतलं की जास्त चांगलं असंही नाही. अर्धं पाणी अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठू न देणारं रसायन) मायनस ३७ पर्यंत टिकतं, ६० टक्के ग्लायकॉल मायनस ५० च्या खाली जातं, पण नुसतं ग्लायकॉल मायनस १३ च्या आसपासच गोठतं. तेव्हा "शुद्ध" ओतायचा मोह नको.

गरम गॅरेजचा सापळा

बर्फाने माखलेली स्लेड तासभर गरम गॅरेजमध्ये आणली आणि परत बाहेर काढली, तर वितळलेलं पाणी चावीच्या स्विचमध्ये, थ्रॉटलच्या केबलमध्ये, ब्रेकमध्ये, क्लचमध्ये शिरून तिथे गोठतं. एकतर पूर्ण सुकेपर्यंत आत ठेवा, नाहीतर झाडून बाहेरच राहू द्या. सकाळी चालू करायच्या आधी थ्रॉटल दोन-तीनदा दाबून सोडा, टपकन परत यायला हवा. अडकत असेल तर गाडी चालू करायचीच नाही, फुल थ्रॉटलला अडकलेली स्लेड माणूस मारू शकते.

सकाळी चालू झाली नाही तर

आवाज ऐका. काहीच आवाज नाही: किल स्विच, टेदरची (पडलो तर इंजिन बंद करणाऱ्या, अंगाला अडकवायच्या दोरीची) टोपी नीट बसलीय का, तिच्या आत बर्फ आहे का, फ्यूज. खट्: बॅटरी किंवा टर्मिनल. रडत रडत फिरतंय: बॅटरी थंड, नाहीतर ऑइल चुकीचं. जोरात फिरतंय पण धरत नाही: टाकी उघडून कान लावा, चावी दिल्यावर पंपाचा दोन सेकंद गूं आवाज यायला हवा, येत असेल तर ओले प्लग. चालू होऊन लगेच मरतेय: हवेच्या इनटेकवर बर्फ साचलाय का ते हाताने साफ करा, वादळानंतर हे फार होतं.

शेडमध्ये चालू करत असाल तर दार सताड उघडं पाहिजे, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि चालू झाली म्हणून लगेच थ्रॉटल दाबू नका, ट्रॅक जमिनीला चिकटलेला असेल तर बेल्ट जागेवर घासून जळतो. मागचा बंपर उचलून आपटा, स्की पायाने हलवून मोकळ्या करा, मग निघा.

आता मी तळ्यावर गेलो की संध्याकाळची शेवटची फेरी मुद्दाम लांब मारतो, वीसेक मिनिटं, हँडलचे हीटर शेवटची पाच मिनिटं बंद. गाडी दोन फळ्यांवर चढवून उभी करतो, तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला, ट्रॅकमधला बर्फ लाथेने पाडतो. पारा मायनस ३० च्या खाली जाणार असेल तर बॅटरी काढून खोपटात माझ्या बुटांशेजारी झोपते. आणि छोटा बूस्टर जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून, कारण सीटखालच्या डब्यात ठेवला तर तोही सकाळी तेवढाच गार झालेला असतो.