सोसायटीतलं धातूचं भंगार: ओळखायचं कसं, सोडवायचं कसं, विकायचं कसं

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीचा जिना म्हणजे भंगाराचं प्रदर्शन असतं. पुण्यात आमच्या गल्लीतल्या तीन जुन्या इमारती वर्षभरात रिकाम्या झाल्या. दर मजल्यावर तेच सामान: कान तुटलेला कुकर, बंद पडलेले पंखे, गळक्या तोट्या, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, वायरींची गुंडाळी. "घेऊन जा हो, टाकायचंच आहे," असं म्हणत लोक दारातच हातात देत होते. पहिल्या खेपेला मी सगळं एका पोत्यात कोंबून दुकानात नेलं. दुकानदाराने पोतं काट्यावर ठेवलं, तोंडाशी वाकून पाहिलं आणि सरसकट लोखंडाचा भाव लावला. आत चार पितळी तोट्या आणि एका पंख्याचं तांबं होतं. त्या दिवसापासून मी चार पोती बाळगतो. भंगार गोळा कुणीही करतं, पैसे मात्र ते वेगळं करणाऱ्याला मिळतात.

आधी विचारा: हे कुणाचं आहे?

कचऱ्यात पडलं म्हणजे बेवारस झालं, असं नसतं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने 2008 मध्ये महापालिकेशी करार केला आणि कचरावेचक घरोघरी कचरा घेऊ लागले. यात बहुसंख्य बायका आहेत. घरामागे मिळणारं दरमहा शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, या दोन्हींवर त्यांचं घर चालतं. म्हणून सुक्या कचऱ्याच्या डब्यात गेलेला पेयाचा डबा किंवा तव्याचा तुकडा त्या ताईंचा. पहाटे उठून त्यांच्या आधी डबे चाळायचे हा प्रकार करू नका. कमाई फुटकळ आणि वाईटपणा कायमचा.

तुमचा माल डब्यात पडायच्या आधीचा. शेजाऱ्यांना सांगून ठेवा, सेक्रेटरींना विचारा, वॉचमनला कल्पना द्या. दिवाळीच्या साफसफाईचे पंधरा दिवस आणि भाडेकरू बदलण्याचा मे महिना हे हंगाम. पुनर्विकासाच्या इमारतीत एक मेख आहे: ग्रिल, दरवाजे, पाण्याचे पाइप बहुतेक वेळा पाडकामाच्या कंत्राटदाराच्या हिशेबात धरलेले असतात. रहिवाशाने स्वतःच्या हाताने दिलेली वस्तूच घ्या.

ड्रेनेजचं झाकण, फुटपाथची जाळी, केबलचे तुकडे आणि पार्किंगमध्ये वर्षानुवर्षं गंजत पडलेली सायकल यांना हात लावू नका. चोरीचा माल जवळ बाळगणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. रेल्वेच्या मालासाठी तर 1966 चा वेगळा कायदाच आहे. रुळाकाठचा खिळासुद्धा नको.

हत्यारं

जाड हातमोजे, पक्कड, दोन पेचकस, पाने, हातोडी, छिन्नी, एक जुनी कानस. डोळ्यांना चश्मा हवाच, छिन्नीचा कपचा कुठे उडेल सांगता येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांशी बोलून घ्या. आणि एक लोहचुंबक. तो विकत आणू नका, बिघडलेल्या स्पीकरच्या पाठीमागचा काळा गोल चुंबक काढून घ्या, चांगला दणकट असतो.

ओळख: चुंबक, कानस, हातातलं वजन

पहिली परीक्षा चुंबकाची. चिकटला तर लोखंड, मग ते पत्र्याचं असो की बिडाचं. जाड, जड, आणि घाव घातला की न वाकता तुटणारं ते बीड: जुने तवे, शिवणयंत्राचे पाय, गॅसच्या शेगडीतले काही बर्नर. चिकटला नाही तर खरी मजा सुरू होते.

हलकं आणि राखाडी असेल तर ॲल्युमिनियम, आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या भाषेत 'जर्मन'. ते लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, त्यामुळे हाताला लगेच कळतं. चकचकीत, जड आणि चुंबकाला दाद न देणारं ते बहुधा स्टेनलेस स्टील. पण स्टीलचे सगळेच प्रकार असे वागत नाहीत, काहींना चुंबक लागतो. एक फसवी जागा लक्षात ठेवा: इंडक्शनवर चालणाऱ्या कुकरच्या आणि कढईच्या बुडाला मुद्दाम लोखंडी थर दिलेला असतो. बुडाला चुंबक लावून "लोखंड" म्हणाल तर फसाल. परीक्षा नेहमी काठाशी आणि झाकणाशी घ्या.

पिवळ्या धातूचं उलटं. पिवळं दिसतं म्हणून पितळ असतंच असं नाही. दिवाणखान्यातल्या शोभेच्या कितीतरी वस्तू लोखंडावर पितळी मुलामा दिलेल्या असतात, त्यांना चुंबक तडक चिकटतो. नळाच्या तोट्या याच्या बरोबर विरुद्ध: वरून चांदीसारख्या, आतून पितळ. कानशीने एकदा घासा. पिवळं निघालं तर पितळ. आतही राखाडी निघालं आणि वस्तू तरी जड लागत असेल तर ते जस्ताचं मिश्रण, त्याला भाव बेताचा. वायरीचंही तसंच. स्वस्त केबलमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. तार खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर ते तांबं नाही.

तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसेक पट असतो, एवढं ध्यानात ठेवलं तरी कानस फिरवायचा कंटाळा येणार नाही. त्याखाली पितळ, मग ॲल्युमिनियम, मग स्टील, सगळ्यात शेवटी लोखंड आणि त्याहून खाली पातळ पत्रा. रोजचे आकडे बदलतात, उतरंड सहसा हीच.

सोडवणं: पंखा, तोटी, कुकर, खिडकी

छताचा पंखा हा शिकण्यासाठी उत्तम नमुना. पाती आधी काढा आणि प्रत्येकाला चुंबक लावा. काही ॲल्युमिनियमची, काही लोखंडी पत्र्याची असतात. दांडी लोखंडाची, ती बाजूला. मग मोटरच्या कवचाचे स्क्रू. गंजलेले असतील तर रात्री तेल सोडून सकाळी फिरवा, जोर लावून स्क्रूचं डोकं खराब केलंत तर पुढचा तास छिन्नी-हातोडीत जाईल. वरचं-खालचं कवच ॲल्युमिनियमचं. आतल्या लोखंडी पट्ट्यांच्या चकतीत तारेची वेटोळी बसवलेली असतात, तेच वाइंडिंग. चकतीच्या एका बाजूने छिन्नीने वेटोळी कापायची आणि दुसऱ्या बाजूने पकडीने ओढायची. कापायच्या आधी तार खरवडून बघा, काही मोटरींत वाइंडिंगही ॲल्युमिनियमचं असतं. मग एवढी मेहनत घेण्यात अर्थ नाही, मोटर अख्खी द्या.

मला पहिल्या पंख्याला दोन तास लागले, आता वीस मिनिटं लागतात. मिक्सरच्या मोटरीत तार इतकी थोडी असते की मी ती उघडणं सोडून दिलं. ट्यूबलाइटच्या जुन्या पट्टीतला जड, ठोकळ्यासारखा चोक आत तांब्याचा असतो, तो दुकानदार न उघडता वेगळ्या भावाने घेतात. घेत नसेल तर दुसरं दुकान बघा.

तोटीची मूठ, रबराची वायसरं आणि लोखंडी स्क्रू काढले की स्वच्छ पितळ हातात येतं. कुकरची काळी हँडलं, शिट्टी, रबरी रिंग काढा. सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांना 'सेक्शन' म्हणतात. कुकर-कढईपेक्षा त्याला थोडा वरचा भाव मिळू शकतो, पण रोलर, स्क्रू आणि रबर काढून ठेवलेलं असलं तर. लोखंडाचा एक स्क्रू अडकून राहिला की दुकानदाराला भाव पाडायला निमित्त मिळतं.

वायरीचं प्लास्टिक सोलायचं, जाळायचं नाही. जाळण्याने वेळ वाचतो म्हणून अनेक जण गच्चीवर शेकोटी पेटवतात. पीव्हीसी जळताना डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि जळून काळवंडलेल्या तांब्याला चकचकीत तांब्यापेक्षा कमी पैसे मिळतात. म्हणजे दोन्हीकडून नुकसान. जाड वायर उभी चिरा, बारीक वायर तशीच 'सालासकट' विका.

पेयांचे डबे चेपून ठेवा. सत्तरएक डब्यांचा एक किलो होतो, म्हणून पार्टीच्या एका रात्रीत कुणी श्रीमंत होत नाही. हे डबे मी आमच्या ताईंनाच देतो. पंधरा किलोचा तेलाचा डबा मात्र चेपू नका. धड असेल तर तो पत्रा म्हणून नव्हे, डबा म्हणून विकला जातो आणि जास्त पैसे देतो.

उघडू नये ते

मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा धक्का देऊ शकतो. जुन्या फुगीर टीव्हीचंही तसंच, शिवाय त्याच्या काचेत शिसं असतं. फ्रिज आणि एसीच्या नळ्या कापू नका: आतला गॅस हवेत जातो, आणि नव्या फ्रिजमध्ये तो पेट घेणारा असतो. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानात जुनी देऊन नवी घ्यायची, घरी फोडायची नाही, आत शिसं आणि आम्ल आहे. सिलिंडर, अग्निशामक नळकांडं, भरलेला स्प्रे यांच्यावर छिन्नी चालवणारा माणूस फार दिवस भंगार विकत नाही. फोन आणि संगणक अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि त्याआधी आतली माहिती पुसा.

दवाखान्यातलं किंवा प्रयोगशाळेतलं अनोळखी, आकाराच्या मानाने फारच जड यंत्र समोर आलं तर दूर व्हा. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र फोडलं गेलं. त्यात कोबाल्ट-60 हे किरणोत्सारी द्रव्य होतं. अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. फोडणाऱ्यांना तो फक्त चकाकणारा धातू वाटला होता.

मोडीत घालण्याआधी

जुन्या भांड्यांना आपल्याकडे शब्दच आहे: मोड. पितळी डबे, तांब्याचा बंब, घंगाळ, समई मोडीत घातली की फक्त वजन मोजलं जातं, घडणावळ शून्य. आमच्या आईने बंब असाच मोडीत घातला आणि त्या पैशांत थोडी भर घालून गीझर आणला. तिला कधी पश्चात्ताप झाला नाही, मला मात्र जुन्या बाजारात बंबाची किंमत विचारल्यावर झाला. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे एक फेरी मारून या. भोक पडलेलं, चेपलेलं भांडं कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवून बघता येईल. ठोक्याच्या खुणा असलेलं भांडं निदान आठवडाभर तरी घरात ठेवा, घाईने देऊ नका.

विकणं

माल दाखवायच्या आधी भाव विचारा, आणि तोही दोन दुकानांत. "तांबं काय, पितळ काय, जर्मन काय, स्टील काय, लोखंड काय" असं सुटं सुटं विचारलं की समोरच्याला कळतं, हा पोत्याचा गिऱ्हाईक नाही. "मिक्स लावतो" म्हणाला तर पोतं उचला. दारावर हातगाडी घेऊन येणारा दुकानापेक्षा थोडा कमी भाव देणार, कारण त्यालाही तोच माल पुढे दुकानात विकायचा आहे. चार किलोसाठी त्याच्याशी घासाघीस करण्यात मला काही हशील वाटत नाही. वीस किलोच्या पुढे माल असला तरच रिक्षाचं भाडं सुटतं.

वजनकाट्यावर वैधमापनचा, म्हणजे वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, शिक्का आहे का बघा. शंका असेल तर पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली सोबत न्या आणि "जरा हे ठेवा बरं" म्हणा. बाटलीचं वजन धरून एक किलोच्या किंचित वर आकडा यायला हवा. नऊशे दाखवला तर काय समजायचं ते समजा. काट्यावर पोतं जमिनीला किंवा भिंतीला टेकलेलं नाही ना, तेही बघा. काही जण माती-ओलाव्याची 'घट' कापतात. गंजक्या लोखंडात थोडी घट रास्त आहे, पण पुसून आणलेल्या पितळात कसली घट?

जास्त माल असेल तर गोदामाकडे जायचा सल्ला मिळतो. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला कुदळवाडी-चिखलीत अशी गोदामं खच्चून होती. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेने तिथली बेकायदा बांधकामं पाडली, त्यामुळे जुना पत्ता कुणी दिला तर आधी फोन करून मगच टेम्पो भरा. तिथून पुढची साखळी लांब आहे. महाराष्ट्रातलं बरंचसं लोखंडी भंगार जालन्याच्या भट्ट्यांत जातं आणि बांधकामाची सळई होऊन परत येतं. आमच्या गल्लीत पाडलेल्या इमारतीच्या जागी आता सळया उतरताहेत, त्यात कुणाची तरी खिडकीची जाळी असेलच.

पैसे मोजून घेतल्यावर पोती परत मागा. दुकानदार ती सहज मालाबरोबर आत टाकतो, आणि धड, न फाटलेलं पोतं या धंद्यात फुकट मिळत नाही.