छोट्या बोटीसाठी आउटबोर्ड मोटर घेताय? या चुका टाळा

नागपुरात बोट ठेवणारे लोक मोजकेच, त्यामुळे मोटर घ्यायची म्हटलं की आपण फोनवर कुठल्यातरी समुद्राकडच्या विक्रेत्याशी बोलतो, तो पहिले विचारते "किती एचपी पायजे?" आणि आपणही आकडा सांगून मोकळे होतो. खरी चूक इथंच होते भाऊ. एचपीचं नंतर पाहू, आधी टेप घ्या आणि बोटीची मागची फळी मोजा, म्हणजे मोटर जिथं अडकवतो तो ट्रान्सम, वरच्या काठापासून खाली बोटीच्या तळापर्यंत सरळ उभा.

शाफ्ट म्हणजे मोटरचा खाली पाण्यात जाणारा दांडा; फळी १५ इंचाच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचाच्या आसपास असेल तर लाँग शाफ्ट, एवढंच गणित आहे. मोटरच्या पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या लेव्हलला किंवा इंचभर खाली आली पायजे. वर राहिली की पंखा हवा खाते, इंजिन नुसतं ओरडते आणि बोट जागची हलत नाही.

माझ्या बाबतीत उलटं झालं. सेकंडहँड मोटर स्वस्तात मिळाली, विकणारा म्हणाला चालून जाईल, मी पण मोजलं नाही आणि १५ इंचाच्या फळीवर लाँग शाफ्ट लावून मे महिन्यात रामटेकच्या खिंडसीवर नेली. पाणी उतरलेलं होतं, पंखा तब्बल पाच इंच जास्त खोल, काठाजवळ येताच मागं सगळं पाणी गढूळ होऊ लागलं. मोटरच्या बाजूनं, इंजिन थंड करून बाहेर येणाऱ्या पाण्याची जी बारीक धार पडत असते ती आधी दोऱ्यासारखी झाली आणि मग बंदच. घरी आणून खोलली तर पाण्याच्या पंपातल्या रबरी चक्रीची दोन पाती तुटलेली आणि आत बारीक चिखल. म्हणून सांगतो, मोटर चालू केली की आधी ती धार पाहा, नसेल तर लगेच बंद करा, कधी नुसत्या भोकात कचरा अडकलेला असते, बारीक तार घालून निघते, पण खात्री होईपर्यंत पुढं जाऊ नका. आणि घरी अंगणात "जरा आवाज ऐकू" म्हणून कोरडी तर अजिबातच चालवू नका, ती चक्री पाण्याशिवाय मिनिटभरही टिकत नाही. मोठ्या ड्रममध्ये पाणी भरून, पाणी ओढायची भोकं बुडतील असं करूनच चालवा.

आता एचपी. बोटीवर क्षमतेची पाटी असेल तर त्याच्या वर जाऊच नका. आपल्याकडच्या बनवून घेतलेल्या फायबरच्या बोटींवर पाटी नसतेच बहुतेक, मग बनवणाऱ्याकडून जास्तीत जास्त एचपी आणि वजन लिहून घ्या. १५ एचपीची फोर स्ट्रोक ५० किलोच्या आसपास जाते, त्यात मागं बसलेला माणूस आणि पेट्रोलची टाकी, बोट मागून दबते आणि लाटेचं पाणी फळीवरून आत येते. तलावात हळूहळू फिरायचं असेल तर १२ फुटी बोटीला ५-६ एचपी भरपूर आहे.

टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालते ती मोटर, घेतली तर ऑइल पाण्यातल्या मोटरचंच, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, जुन्या स्कूटरवालं नाही. प्रमाण मोटरच्या पुस्तकात पाहा, ५०:१ असेल तर लिटरला २० मिली.

पेट्रोल हा आपल्याकडचा मोठा त्रास. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते, आणि आपली मोटर चालते महिन्यातून एखाद्या रविवारी. पावसाळाभर टाकीत पडून राहिलं की कार्ब्युरेटर चिकटते, पाणी वेगळं होऊन खाली बसते. म्हणून तलावातून निघायच्या आधी, मोटर पाण्यातच असताना, पेट्रोलचा पाइप काढून ती स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या.

दहा मिनिटं मस्त चालून मोटर बंद पडते, थोड्या वेळानं परत सुरू होते, असं होत असेल तर मेकॅनिककडे पळायच्या आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा, बऱ्याच वेळा तो बंदच राहिलेला असते.

बॅटरीवाली घ्यायची असेल तर एवढं ध्यानात ठेवा, १२ व्होल्टची ५५ पाउंड थ्रस्टवाली (थ्रस्ट म्हणजे ढकलायची ताकद) मोटर फुल स्पीडला ५० अँपिअरच्या आसपास ओढते, १०० अँपिअर-अवरची लेड बॅटरी अर्ध्याच्या खाली नेली तर लवकर मरते, म्हणजे जोरात चालवाल तर तासभरच. वल्ही सोबत ठेवा. आणि ती लाल दोरी, माणूस पडला की मोटर बंद करणाऱ्या किल स्विचची, मनगटाला बांधल्याशिवाय सुरूच करू नका, घरच्या लेकराच्या हातात हँडल देताना तर त्याच्या मनगटाला आधी, आणि जॅकेट त्याच्याही आधी.