पबच्या बिअर फेस्टिव्हलला निघताना

आधी परतीची बस बघा. कुठली बिअर प्यायची, कोण कोण येतंय, ऊन पडणार की पाऊस, हे सगळं त्यानंतर. इंग्लंडातल्या खेड्यातल्या पबचा बिअर फेस्टिव्हल म्हणजे बहुतेक वेळा बँक हॉलिडेचा, म्हणजे सोमवारच्या सार्वजनिक सुट्टीचा वीकएंड, पबमागच्या बागेत घातलेला मांडव आणि त्यात लाकडी चौकटींवर आडवी मांडलेली दहा-वीस पिंपं. आपण लंडनहून नाहीतर रीडिंगहून हौसेने जातो. जायला बस मिळते. यायला मिळेलच असं नाही. खेड्यातली शेवटची बस कित्येक ठिकाणी संध्याकाळी सहा-सातलाच सुटते, रविवारी काही मार्गांवर बसच नसते, आणि बँक हॉलिडेच्या सोमवारी सहसा रविवारचं वेळापत्रक चालतं. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मागच्या वेळी जाण्याची वेळ नीट बघितली आणि येण्याचं 'तिथे गेल्यावर बघू' म्हटलं. मग फुटपाथ नसलेल्या रस्त्याने, काटेरी कुंपणाला अंग घासत, अंधारात स्टेशनापर्यंत चालावं लागलं. म्हणून ही यादी, आणि म्हणून तिच्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

वेळापत्रक बस कंपनीच्या साइटवर बघा, आणि नेमक्या त्या तारखेचं बघा. मित्र शनिवारी ज्या बसने आला ती सोमवारी नसते. शेवटच्या बसच्या भरवशावरही राहू नका. तिच्या आधीची धरा, म्हणजे ती चुकली तर एक उरते. टॅक्सी मिळेल म्हणाल, तर मिळत नाही. इथे मिनीकॅब कायद्याने आधी बुक केलेलीच लागते. हात दाखवून थांबवायची ती हॅकनी कॅरेज, आणि ती शहरात. खेड्यात उबर उघडलंत तर नकाशावर नुसती शेतं दिसतील. तेव्हा जवळच्या गावातल्या टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशीच फोन करून वेळ ठरवा. पबच्या नावासोबत गावाचंही नाव सांगा, कारण रेड लायन नावाचे पब देशभर शेकड्यांनी आहेत. टॅक्सीवाल्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा. बागेत नेटवर्क नसतं, आणि असलं तरी संध्याकाळपर्यंत फोनची बॅटरी फोटो काढण्यात गेलेली असते.

गाडी नेऊच नका. इंग्लंड-वेल्समध्ये मर्यादा १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे, स्कॉटलंडमध्ये २०१४ पासून ५०. 'एका पिंटने काही होत नाही' म्हणणाऱ्याला सांगा, की फेस्टिव्हलात एका पिंटवर थांबलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. न पिणारा कुणी सोबत असेल तर उत्तम, पण त्याला आधी विचारा, गृहीत धरू नका, आणि त्याचं जेवण तुमच्याकडे.

आता दिवस कुठला, ते. इथे थोडं कळून घ्यावं लागतं. रिअल एल म्हणजे पिंपात यीस्ट जिवंत असलेली बिअर. ब्रुअरीतून निघाल्यावरही ती पिंपात थोडी आंबत राहते आणि बाहेरून गॅस न घालता वाढली जाते, हँडपंपाने ओढून किंवा फेस्टिव्हलात बहुधा थेट पिंपाच्या तोटीतून. साठ-सत्तरच्या दशकात मोठ्या ब्रुअऱ्यांनी गॅसवाली, थंडगार केग बिअर सगळीकडे लावली तेव्हा चार इंग्रज तरुणांनी १९७१ मध्ये आयर्लंडच्या केरीत सुट्टीवर असताना तिच्याविरुद्ध संघटना काढली. तीच आजची काम्रा, म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. बिअरसाठी देशव्यापी चळवळ उभी राहते आणि पन्नास वर्षांनीही चालू असते, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. आपल्या कामाचा मुद्दा असा, की जिवंत बिअर टिकत नाही. पिंपाच्या वरच्या बुचात छिद्र पाडून हवा आत गेली की साधारण तीन दिवस ती चांगली, मग उतरणीला लागते. छोटं पिंप, ज्याला फर्किन म्हणतात, नऊ गॅलनचं असतं. म्हणजे कागदावर ७२ पिंट, तळचा गाळ सोडला तर त्याहून कमी. लोकांना आवडलेली बिअर शनिवारी दुपारीच संपते. शुक्रवारी संध्याकाळी सगळी पिंपं भरलेली असतात, पण एखादीचा गाळ अजून बसलेला नसतो. शनिवारी दुपार सगळ्यात बरी. रविवारी उरलंसुरलं. सोमवारी आणखी उरलंसुरलं, आणि बसही रविवारची.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण हे कुणी सांगत नाही. बिअर नितळ व्हावी म्हणून पिंपात पारंपरिकपणे आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या हवेच्या पिशवीपासून करतात. ते यीस्टला धरून तळाशी बसतं, ग्लासात आलंच तर अगदी नावाला. पण ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. आता बऱ्याच छोट्या ब्रुअऱ्या ते वापरत नाहीत. यादीत 'अनफाइन्ड' किंवा 'व्हीगन' लिहिलेलं असतं आणि बिअर जरा गढूळ दिसते, तो दोष नव्हे. नाही लिहिलं तर पिंपांजवळ उभ्या असलेल्या माणसाला विचारा. त्याला ब्रुअरीच्या मालकाचा कुत्राही माहीत असतो. ऑगस्टचा बँक हॉलिडे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी असतो, म्हणजे तो श्रावणात किंवा गणपतीच्या आसपास येतो. त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा, मी त्यात पडत नाही.

पोट भरून जा. आपला चखणा तिथे नाही. पोर्क स्क्रॅचिंग्ज म्हणजे डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे, स्कॉच एगवर सॉसेजच्या मांसाचं आवरण, आणि बागेत बहुतेक अख्खं डुक्कर भाजत असतं. शाकाहाऱ्याला चीज, पाव आणि लोणच्याचा कांदा. पिशवीत शेंगदाणे आणि चकली असू द्या, पण उघडण्याआधी मालकिणीला विचारा. बाहेरचं खाणं सगळीकडे चालत नाही. पाणी मात्र हक्काने मागा. दारू विकणाऱ्या पबला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं.

ग्लासाचं माप. पिंट म्हणजे ५६८ मिली. पिंट मागू नका. हाफ मागा, आणि मिळत असेल तर तिसरा हिस्सा, म्हणजे १८९ मिली. ही कायदेशीर मापं आहेत, त्यात कंजूषपणा काही नाही. हाफ घेतल्याने कुणी हसत नाही. चार पिंटांनंतर सगळ्या बिअर एकाच चवीच्या लागू लागल्या की मात्र हसतात. आठ टक्क्यांच्या बिअरच्या हाफमध्ये चार टक्क्यांच्या अख्ख्या पिंटाइतकंच अल्कोहोल असतं, एवढं डोक्यात असू द्या. आणि तासाचा हिशेब ठेवा, कारण हाफ हाफ करत वेळ फार पटकन जातो आणि बस ठरल्या वेळी सुटते.

क्रम हलक्याकडून जडाकडे. आधी ठेचा खाल्ला की वरणाची चव कळत नाही, तसंच इथे. साडेतीन-चार टक्क्यांच्या बिटर या साध्या बिअरपासून सुरुवात करा, हॉप्सचा (कडवटपणा आणणाऱ्या फुलांचा) मारा असलेल्या मग, आणि ओल्ड एल, बार्ली वाइन या कडक बिअर अगदी शेवटी किंवा नाहीच. रंगावर जाऊ नका. माइल्ड नावाची काळी बिअर बहुतेक साडेतीन टक्क्यांच्या आतबाहेर असते, पण सेजलीची सारा ह्यूज डार्क रुबी माइल्ड सहा टक्क्यांची आहे आणि घशाखाली इतकी सहज उतरते की कळतही नाही. नावावरही जाऊ नका. आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, त्यातल्या 'आय'मुळे ती आपलीच असं वाटतं, आणि ते तितकंसं खोटंही नाही. लंडनच्या बो ब्रुअरीची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई-कलकत्त्याच्या साहेबांसाठी जायची. पण इथल्या पबांत सर्रास दिसणारी ग्रीन किंग आयपीए वर्षानुवर्षं ३.६ टक्क्यांचीच राहिली. पाटीवरचा टक्का वाचा, बाकी सगळी सजावट.

पहिला घोट घेतल्यावर 'ही तर गरम आहे' म्हणू नका. ही बिअर साधारण ११ ते १३ अंशांवर देतात, कारण बर्फगार केली की चव जाते. फेसही कमी असणार. बर्फ मागितलात तर बर्फ मिळेल, पण पुढे तुमच्याशी कुणी बोलणार नाही. खरोखर बिघडलेली बिअर ओळखायला सोपी: व्हिनेगरचा वास, नाहीतर ओल्या पुठ्ठ्याची चव. तशी निघाली तर हळू आवाजात परत करा, बदलून देतात. मात्र बर्टन अपॉन ट्रेंटच्या बिअरला काडेपेटीसारखा गंधकाचा वास आला तर तो तिथल्या जिप्समच्या पाण्याचा. तो बिघाड नव्हे, काहींना तोच हवा असतो. उन्हाळा कडक असेल तर पिंपांवर ओली पोती किंवा थंड पाण्याची जाकिटं घातली आहेत का ते बघा. नसतील तर दुपारी चारनंतर काही खरं नाही. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याच्या ग्लासात तेच उतरतं.

बाकीचं भराभर. रोख पैसे, कारण बिअरसाठी आधी टोकनं विकत घ्यावी लागतात आणि त्या टेबलावर कार्डाचं यंत्र बंद पडतं. टोकनं थोडी थोडी घ्या. पेन, यादीवर खुणा करायला, नाहीतर तिसऱ्या हाफनंतर दुसरा कुठला होता ते आठवत नाही. चिखल चालेल असे बूट. पातळ रेनकोट, छत्री नको, मांडवात ती फक्त दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. लहान टॉर्च, आणि तो का ते विचारू नका. चालायची वेळ आलीच तर फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. पण ती वेळ यायला नको. परतीची बस बघितली ना?

फोनवर बसच्या पाऊण तास आधीचा गजर लावा आणि 'शेवटचा हाफ' असं त्याला नाव द्या. गजर झाला की नवा ग्लास नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. गप्पा रंगलेल्या असतात, मॉरिस हा इथला लोकनृत्य नाचणारे पुन्हा घुंगरू बांधत असतात, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी म्हणतं, 'मी सोडतो तुला.' त्याच्या हातात कितवा ग्लास आहे ते बघा आणि थांब्यावर जा. खेड्यातला थांबा म्हणजे कधीकधी नुसता खांब असतो, आणि परतीचा रस्त्याच्या पलीकडे. तोही उजेडात बघून ठेवा. बस येताना दिसली की हात दाखवा, नाहीतर ती थांबत नाही.

निघताना ग्लास परत द्या, त्यासाठी भरलेलं डिपॉझिट घ्या. उरलेल्या टोकनांचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तिथे धर्मादाय डबा असेल त्यात टाका. झोपण्याआधी पाणी. सकाळी गाडी काढायची असेल तर युनिट (एक म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) मोजा: चार टक्क्यांच्या पिंटात सव्वादोनहून थोडी जास्त, आणि शरीर ढोबळ मानाने तासाला एकच उतरवतं. झोपेने तो वेग वाढत नाही, कॉफीने तर नाहीच.