कोस्टर मोजताय? मग या चुका टाळा

रोलर कोस्टरचा नाद लागला की वर्षाच्या आत प्रत्येक जण यादी करायला घेतो. आजवर आपण किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो, त्याची यादी. त्यातल्या प्रत्येक नोंदीला या छंदातले लोक 'क्रेडिट' म्हणतात. एकाच कोस्टरवर दिवसभर बसून राहिलात तरी क्रेडिट एकच. एवढं सगळीकडे मान्य आहे. बाकीचे नियम ज्याचे त्याने ठरवायचे असतात, आणि नवी मंडळी घाई करतात ती इथेच. आधी आकडा वाढवतात, नियमाचा विचार नंतर करतात. पुढे यादी साफ करायची वेळ येते तेव्हा कोणती नोंद खरी आणि कोणती भरतीची, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नाही.

माझा नियम दोन अटींचा आहे. गाडी तिच्या मार्गात पक्की बांधलेली हवी, म्हणजे बसणाऱ्याने कितीही वेडेपणा केला तरी ती बाहेर पडता कामा नये. आणि एकदा उंचीवर नेली किंवा धक्का देऊन सोडली की पुढचा प्रवास तिने स्वतःच्या वजनावर आणि मिळालेल्या वेगावर करायला हवा. तुमचा नियम वेगळा असू शकतो. पण तो गाडीत बसण्यापूर्वी ठरलेला असावा आणि यादीतल्या सगळ्या कोस्टरना सारखा लागू व्हावा.

मोटरवर पळणारी गाडी मोजणं

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तिच्यावर जरा जास्त लिहिणार आहे.

आपल्याकडच्या जत्रेत टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस यांच्या रांगेत एक ड्रॅगनची गाडी असते. लंबगोल रूळ, त्याला एकदोन उंचवटे, पुढे ड्रॅगनचं तोंड आणि मागे डबे. दिसायला कोस्टरच. रूळ आहेत, चढउतार आहेत, पोरं ओरडतात. पण ही गाडी उताराच्या जोरावर पळत नाही. तिला मोटर असते, रुळालगतच्या पट्टीतून वीज मिळते, आणि बटण बंद होईपर्यंत ती मोटर चाकं फिरवत राहते. चढावर वीज तोडली तर गाडी तिथेच अडते किंवा मागे येते. इंग्रजीतले लोक याला पॉवर्ड कोस्टर म्हणतात. हा प्रकार फक्त जत्रेत असतो असंही नाही. जर्मनीतल्या युरोपा-पार्कमध्ये आल्पेनएक्सप्रेस एन्झिआन १९८४ पासून याच पद्धतीने पळते. सुरेख राइड आहे, घरच्यांना घेऊन जरूर बसा. माझ्या मुख्य यादीत मात्र ती नाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो: "मग फॉर्म्युला रोसाला तरी कुठे साखळीचा चढ आहे? तिलाही यंत्रच ढकलतं ना!" ढकलतं, पण सोडूनही देतं. अबू धाबीच्या फेरारी वर्ल्डमधली फॉर्म्युला रोसा हायड्रॉलिक यंत्राच्या ओढीने सुमारे पाच सेकंदांत ताशी २४० किलोमीटरला पोचते, आणि तिथून पुढची वळणं-टेकाडं कमावलेल्या वेगावर कापते. साखळीने वर नेऊन सोडलेली गाडी आणि धक्का देऊन सोडलेली गाडी, दोन्ही सुटतात. ड्रॅगन सुटतच नाही.

ओळखायचं कसं? फेऱ्या मोजून नाही. लहान मुलांच्या बऱ्याच अस्सल कोस्टरही दोन-तीन फेऱ्या मारतात. चढाकडे बघा. मध्ये गाडी ओढणारी साखळी नाही, तिला वर ढकलणारी रबरी चाकांची रांग नाही, आणि तरीही गाडी चढ आणि उतार जवळपास सारख्याच वेगाने पार करत असेल, तर ती मोटरची गाडी आहे. मी रांगेत लागण्याआधी एक पूर्ण खेळ बाहेर उभा राहून बघतो. त्यात पाच मिनिटं जातात. ज्यांना ती जड वाटतात, त्यांच्या याद्या पुढे मलाच तपासाव्या लागतात.

पुण्याचा एक कॉलेजमधला मुलगा आहे, मला दादा म्हणतो. उत्साह भरपूर. अबू धाबीची तिकिटं काढल्यावर त्याचा फोन आला, "दादा, फॉर्म्युला रोसा माझी पन्नासावी!" पन्नासावी, शंभरावी कोस्टर साजरी करायची पद्धत जगभर आहे. लोक आकड्याचा फलक धरून फोटो काढतात, शर्ट छापून घेतात. त्यानेही शर्ट छापला होता. मी म्हटलं, यादी पाठव. पहिल्याच पानावर 'ड्रॅगन, जत्रा' अशा नोंदींची रांग. खाली पुन्हा ड्रॅगन. त्याने काढलेले फोटो मागवले. तीन गावांच्या तीन जत्रा, आणि तिन्ही फोटोंत ड्रॅगनचं डावं शिंग मोडलेलं, त्यावर पत्र्याचं तेच ठिगळ. पाळणेवाल्यांचा ताफा जत्रांच्या हंगामात एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. हा मुलगा त्या ताफ्याच्या मागेमागे जाऊन एकाच यंत्रावर तीनदा बसला होता, आणि ते यंत्र मुळात कोस्टरच नव्हतं.

तो म्हणाला, "पण दादा, शर्ट छापून झालाय." मी त्याला एवढंच सांगितलं, शर्ट ठेव, आकडा बदल. त्या रात्री बसून त्याने सगळ्या नोंदी तपासल्या. काहींबद्दल तर त्याला काहीच आठवेना, कारण त्याने ना ताफ्याचं नाव लिहिलं होतं ना गाडीचं वर्णन. अशा सगळ्या नोंदी काढाव्या लागल्या. त्यांतल्या एकदोन खऱ्या असतीलही. मला त्याचं वाईट वाटलं, कारण तो खोटं बोलणारा मुलगा नाही. त्याला फक्त घाई होती.

मोटरवाल्या गाड्यांसाठी मी वेगळं पान ठेवतो. नोंद राहते, आकड्यात मिसळत नाही. उद्या नियम बदलावासा वाटला तर ते पान उचलून जोडता येतं.

फिरती आणि हलवलेली कोस्टर दोनदा मोजणं

शिंग मोडलेल्या ड्रॅगनची गोष्ट मोठ्या प्रमाणावर युरोपात घडते. १९८९ मधली ऑलिंपिया लूपिंग ही पाच लूपची प्रचंड कोस्टर ट्रकांवर लादून गावोगाव जाते. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये ती उभी राहते, आणि लंडनला हाइड पार्कच्या हिवाळी जत्रेत ती 'म्युनिक लूपिंग' या नावाने आलेली आहे. लंडनला राहणारे आपले लोक दोन्हीकडे बसतात आणि दोन क्रेडिट लिहितात. पोलाद तेच आहे, क्रेडिट एक.

कायमच्या कोस्टरही जागा बदलतात. पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्स पार्कची लाकडी फिनिक्स आधी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत 'रॉकेट' होती. ती सुटी करून पेनसिल्व्हेनियात आणली आणि १९८५ मध्ये नव्या नावाने सुरू केली. दोन्ही ठिकाणी बसलेला एखादा भाग्यवान असेल तर त्यालाही एकच.

याच्या उलट चूकही होते. एकाच नकाशाच्या दोन वेगळ्या कोस्टरना लोक एक समजतात. व्हेकोमा कंपनीची बूमरँग १९८४ पासून जगभरच्या पार्कांत तशीच्या तशी उभी आहे. आराखडा एक असला तरी प्रत्येक बूमरँग वेगळी. बसलात तर प्रत्येक लिहा.

दोन रुळांची कोस्टर: एक की दोन?

इथे भांडणं होतात, आणि मला ती योग्य वाटतात, कारण विचार करावा लागतो.

सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये बॅटलस्टार गॅलॅक्टिका आहे. लाल बाजूला तुम्ही नेहमीसारखे गाडीत बसता, निळ्या बाजूला रुळाखाली पाय लोंबकळत. दोन मार्ग, दोन वेगळे अनुभव. दोन क्रेडिट, यात वाद नाही. फेरारी वर्ल्डच्या फिओरानो जीटी चॅलेंजमध्ये दोन गाड्या शर्यत लावतात, पण रूळ एकमेकांत मिसळत नाहीत. माझ्या हिशेबाने तिथेही दोन.

आता इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलला चला. तिथली ग्रँड नॅशनल १९३५ ची लाकडी कोस्टर. दोन गाड्या शेजारून सुटतात, शर्यत लावतात, आणि तुम्ही स्टेशनात परत येता तेव्हा उलट्या फलाटावर उतरता. याचा अर्थ रूळ दोन नाहीतच, एकच लांब रूळ आहे आणि तुम्ही त्याचा अर्धा भाग फिरलात. पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कातली १९२७ ची रेसरही अशीच. घाईतला माणूस डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा बसतो आणि दोन लिहून मोकळा होतो. मी दोन्ही बाजूंनी बसल्याशिवाय एकसुद्धा लिहीत नाही. पूर्ण रूळ फिरल्यावर एक.

'एक सलग रूळ म्हणजे एक क्रेडिट' हे तत्त्व धरलं की त्याचे नकोसे निकालही स्वीकारायचे. ब्लॅकपूललाच १९७७ ची स्टीपलचेस आहे. घोड्यांच्या आकाराच्या गाड्या, शेजारी शेजारी तीन रूळ. माझ्या तत्त्वाने तीन क्रेडिट होतात. तीन जवळपास सारख्या रुळांना तीन क्रेडिट देणं मनाला रुचत नाही, तरी मी तीनच लिहितो. जिथे आकडा कमी होतो तिथे एक नियम आणि जिथे वाढतो तिथे दुसरा, असं केलं की यादीला काही किंमत उरत नाही.

नाव बदललं म्हणून नवं क्रेडिट लिहिणं

डिस्नेलँड पॅरिसची स्पेस माउंटन १९९५ ची. पुढे तिचं रूप बदललं, २०१७ मध्ये ती हायपरस्पेस माउंटन झाली. रूळ तोच, म्हणून क्रेडिट तेच. गाडीतली आसनं उलटी फिरवली, डोळ्यांवर आभासी दृश्यं दाखवणारे चष्मे चढवले, तरी काही फरक पडत नाही.

रूळच बदलला तर गोष्ट वेगळी. ओहायोतल्या सीडर पॉइंटला मीन स्ट्रीक ही लाकडी कोस्टर होती. तिच्या लाकडी सांगाड्याचा आधार घेऊन पोलादी रूळ टाकला आणि २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स उभी राहिली. नवा मार्ग, नवी गाडी, नवं क्रेडिट. कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कची कोलोसस हे तर परीक्षेला विचारावं असं उदाहरण आहे: १९७८ मध्ये दोन वेगळे रूळ, २०१५ मध्ये ते बदलून आणि जोडून एकच लांब 'ट्विस्टेड कोलोसस'. जुन्या काळी दोन्ही बाजूंना बसलेल्याची दोन क्रेडिट राहतात, आणि नव्या रुळावर बसल्यावर तिसरं मिळतं.

डोंगरावरच्या घसरगाड्या

स्वित्झर्लंडच्या सहलीहून परतलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. पिलाटस डोंगरावर फ्रेकम्युंटेगला जी घसरगाडी आहे, ती उघड्या पन्हळीतून उतरते आणि ब्रेक तुमच्या हातात असतो. वळणावर वेग सांभाळला नाही तर गाडी पन्हळ सोडू शकते. ती मोजू नका. पण रुळांना घट्ट पकडलेली गाडी, जिला अल्पाइन कोस्टर म्हणतात, ती मी मोजतो.

"ब्रेक हातात असेल तर ती कोस्टर कशी?" असं विचारणाऱ्यांनी मेलबर्नच्या लूना पार्कमधली १९१२ ची सीनिक रेल्वे बघावी. तिच्या गाडीवर ब्रेकवाला उभा असतो. कोपनहेगनच्या टिव्होली पार्कातल्या लाकडी कोस्टरवर १९१४ पासून तेच चालू आहे. या दोन म्हाताऱ्यांना यादीतून काढायची कुणाची हिंमत होणार नाही. रूळ हवेतच, असा हट्टही धरू नका. ब्लॅकपूलची अव्हॅलांच रुळांशिवाय पन्हळीतूनच धावते, पण ती पन्हळ इतकी खोल आहे आणि गाडी अशी बसवलेली आहे की बाहेर पडायची सोय नाही. म्हणून ती माझ्या यादीत आहे.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पाण्यातून पडणारी लाकडाच्या ओंडक्याची बोट मोजू नका. युरोपा-पार्कची पोसायडन मोजा, ती पाण्यात शिरते पण मधला प्रवास कोस्टरच्या रुळावर करते.

सरळ वर नेऊन खाली सोडणारे मनोरे कोस्टर नाहीत.

मार्ग गोल पूर्ण होत नाही म्हणून बूमरँग वगळू नका. पुढे जाऊन उलटी परत येणारी कोस्टरही पूर्ण कोस्टर असते.

चढावर गाडी अडकली आणि तुम्हाला जिन्याने उतरवलं, तर त्या दिवशी क्रेडिट नाही. परत जा.

लहान मुलांची कोस्टर मोजायला लाजू नका. चार मीटर उंचीची असली तरी उतारावर सुटते ना, मग झालं. मोठ्यांना परवानगी नसेल तर मात्र चालवणाऱ्या मुलाशी हुज्जत घालू नका, आणि रांगेतल्या कुणाचं मूल मागून घेऊन तर मुळीच बसू नका. मी हे होताना पाहिलंय, आणि मला ते अत्यंत वाईट वाटतं.

मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये नाव सापडलं म्हणून डोळे मिटून खूण करू नका. ती यादी बनवणाऱ्यांचे नियम वेगळे असतात.

नोंद उद्यावर टाकणं

मी पार्काच्या फाटकाबाहेर पडण्याआधी लिहितो: कोस्टरचं नाव, पार्क, गाव, तारीख, कोणत्या बाजूचा रूळ, आणि फिरती असेल तर मालकाच्या ताफ्याचं नाव. फोटो गाडीच्या तोंडाचा आणि बनवणाऱ्या कंपनीच्या नावाच्या पट्टीचा. खोपोलीच्या इमॅजिकात गेलात तर 'इमॅजिका, कोस्टर' असं लिहून चालणार नाही. नायट्रो वेगळी, अंधारातली डीप स्पेस वेगळी. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला लहानपणी गेलेल्या किती जणांना विचारलं, तर 'एक मोठी होती आणि एक छोटी' इतकंच उत्तर येतं. त्यांनी घरातले जुने अल्बम काढावेत, आईवडिलांना विचारावं, आणि ज्या कोस्टरवर बसल्याची खात्री पटेल तेवढीच लिहावी. पार्क बंद झालं म्हणून क्रेडिट खोडायचं नसतं. त्यापुढे 'बंद' एवढं लिहून ठेवा.