विमानाच्या तिकिटावरची रेल्वे: जर्मनीला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

गणपतीत सुट्टी काढून जर्मनीहून ठाण्याला आलो की पाचपाखाडीच्या आमच्या घरी दर्शनाला येणाऱ्यांत ऑक्टोबरच्या सत्रासाठी जर्मनीला निघालेलं एखादं पोर असतंच. सोबत आईवडील. मोदक संपायच्या आत मोबाइल पुढे येतो. "काका, मुंबई-फ्रँकफर्ट कळलं. पण पुढच्या कोलोनच्या फ्लाइटखाली 'ट्रेन' लिहिलंय. एजंटने गंडवलं का?"

नाही गंडवलं. ती ट्रेनच आहे. तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून यंदा लिहूनच काढतोय.

फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे, 1999 साली सुरू झालेलं. 2002 मध्ये कोलोन-फ्रँकफर्ट वेगवान मार्ग झाला आणि ताशी 300 किलोमीटरने धावणारी आयसीई गाडी कोलोनहून विमानतळावर साधारण तासाभरात यायला लागली. एवढ्या अंतरासाठी विमान उडवणं परवडत नाही, म्हणून एअरलाइन गाडीतल्या जागा घेते, तिला स्वतःचा फ्लाइट नंबर देते आणि विमानासोबत विकते. प्रकार नवा नाही. लुफ्तान्साने 1982 ते 1993 डुसेलडॉर्फ-फ्रँकफर्ट मार्गावर चक्क स्वतःच्या नावाची गाडी चालवली होती. आताची योजना 2001 मध्ये श्टुटगार्टपासून सुरू झाली, आणि 2022 मध्ये तर डॉइचे बान, म्हणजे जर्मन रेल्वे, स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गोतावळ्यात भागीदार म्हणून दाखल झाली. त्यामुळे तिकिटावर कोलोन स्टेशनला विमानतळासारखा क्यूकेएल आणि श्टुटगार्ट स्टेशनला झेडडब्ल्यूएस असा कोड दिसला तर दचकू नका.

आता मुद्द्याचं. 'एकच तिकीट' म्हणून जे विकतात त्याचे दोन प्रकार आहेत आणि निम्मे गोंधळ हा फरक माहीत नसल्यामुळे होतात.

पहिला प्रकार एक्सप्रेस रेल, म्हणजे वर सांगितलेली लुफ्तान्साची योजना. यात गाडी म्हणजे कागदोपत्री विमानच. ठरलेली गाडी, ठरलेली वेळ, राखीव सीट, ऑनलाइन चेक-इन, गाडीचाही बोर्डिंग पास. गाडी उशिरा आली आणि विमान चुकलं, किंवा विमान उशिरा उतरलं आणि गाडी चुकली, तर पुढची सोय करणं एअरलाइनचं काम.

दुसरा रेल अँड फ्लाय. बऱ्याच एअरलाइन हा देतात. यात गाडी ठरलेली नसते. जर्मनीतून जाताना उड्डाणाच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी, जर्मनीत येताना उतरल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, हव्या त्या गाडीने जा. तिकिटावर बहुधा क्यूवायजी हा कोड असतो, म्हणजे 'जर्मन रेल्वेवर कुठेही'. ऐकायला झकास. पण गाडी लेट होऊन विमान चुकलं तर साधारणपणे तुमचं तुम्ही बघा. वेळेत विमानतळावर पोचणं ही प्रवाशाची जबाबदारी, असं अटींमध्ये लिहिलेलं असतं.

माझं मत ठाम आहे: जर्मनीत येताना रेल अँड फ्लाय, मुंबईला जाताना एक्सप्रेस रेल. पहिल्यांदा येणारा विद्यार्थी बहुतेक एकेरी तिकीट काढतो. त्याला फ्रँकफर्टला उतरल्यावर काय काय वाढून ठेवलंय? युरोपबाहेरच्या पासपोर्टची लांब रांग, पट्ट्यावर बॅगांची वाट, मग घरी फोन लागेना म्हणून वाय-फायची शोधाशोध. अशा माणसाला अमुकच गाडी पकड म्हणणं हा छळ आहे. सैल तिकीट असेल तर एक गाडी गेली, दुसरी घ्या, मधे कॉफी प्या. उलट दिवाळीला घरी जाताना गाडी चुकणं फार महाग पडतं, कारण पुढचं विमान मुंबईचं असतं. तिथे बांधील तिकीटच हवं, कारण त्यात धोका एअरलाइनच्या डोक्यावर असतो.

आणि हा धोका पुस्तकी नाही. 2024 मध्ये जर्मनीतल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर होत्या. वेळेवर म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत. 'जर्मन म्हणजे घड्याळ' हे ठाण्यात कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि दोन गाड्या आधीची गाडी धरा. भरपाई मिळते, पण ती गाडीच्या तिकिटापुरती: 60 मिनिटं उशीर झाला तर 25 टक्के, 120 मिनिटं झाला तर 50 टक्के. बुडालेल्या मुंबईच्या विमानाचे पैसे त्यात येत नाहीत.

आता जे मी दरवर्षी ओरडून सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी विसरतं ते. एक्सप्रेस रेलच्या तिकिटावर कोलोन-फ्रँकफर्ट-मुंबई असेल तर कोलोनलाच गाडीत बसायचं. पहिला टप्पा सोडायचा नाही. मित्र कारने सोडतोय, आदल्या रात्री फ्रँकफर्टला मावशीकडे राहायचंय, कुणी फुकट नेतंय, कारण काहीही असो, एअरलाइनला न विचारता पहिला टप्पा सोडायचा नाही. तिच्या लेखी ती गाडी म्हणजे पहिलं विमान. तुम्ही त्यात चढला नाहीत म्हणजे 'नो-शो', आणि पुढची जागाच धोक्यात.

ऐरोलीचा एक मुलगा, आमच्याच शहरात शिकायला होता. परीक्षा संपल्यावर मित्रांबरोबर आदल्या दिवशीच कारने फ्रँकफर्टला गेला, रात्री मजा केली, सकाळी आरामात काउंटरवर. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की तुम्ही पहिल्या टप्प्याला आला नाहीत, आता आजच्या भावाने फरक भरा. आजचा भाव म्हणजे सुट्टीच्या मोसमातला भाव. घरभाड्याचे महिन्याचे पैसे तिथल्या तिथे गेले. त्याने 'पण मी तर इथेच आलोय, तुमचा खर्च वाचवलाय' हा युक्तिवाद करून पाहिला. बिनतोड होता, उपयोग शून्य. इथल्या लोकांशी वाद घालून काही मिळत नाही. नियमात बसणारं मागा, हसतमुखाने देतील. नियमाबाहेरचं मागाल तर तितक्याच हसतमुखाने नाही म्हणतील. योजना बदलली तर आधी एअरलाइनला फोन करून तिकीट बदलून घ्या. पुन्हा सांगतो, पहिला टप्पा सोडायचा नाही.

उलट्या दिशेच्या तिकिटाची तऱ्हा थोडी वेगळी. मुंबईहून येताना शेवटचा टप्पा गाडीचा असतो. तो सोडलात तर त्यापुढे बिघडायला काही उरत नाही, पण तेच तिकीट जाण्यायेण्याचं असेल आणि परतीचं उड्डाण बाकी असेल तर तिथेही नो-शोची गाठ पडते. तेव्हा विचारल्याशिवाय नाही.

रेल अँड फ्लायवाल्यांनी ठाण्यातून निघण्याआधीच एक काम उरकायचं. एअरलाइनकडून येतो तो कोड. तो रेल्वेचं तिकीट नव्हे. वेबसाइटवर जाऊन, तारीख निवडून त्याचं खरं तिकीट काढावं लागतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. आपल्याकडे नावात वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. पासपोर्टवर असेल तर इथेही हवं. पीडीएफ फोनमध्ये साठवा. गाडीत तपासनीस आल्यावर नेट शोधत बसू नका, त्याला दया येत नाही. सीट राखीव नसते, वेगळे पाच-सहा युरो भरून ठेवता येते. बॅगा असताना भरा, कंजूषपणा करू नका.

आता व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या आपल्या मंडळींविषयी. तिथे एक तरी महाभाग असतोच, जो सांगेल की कशाला एकत्र तिकीट, रेल्वेचं स्वस्त तिकीट आधी काढून ठेव, वीस युरो वाचतील. ते स्वस्त तिकीट एकाच गाडीला बांधलेलं असतं. विमान दोन तास उशिरा उतरलं की ते तिकीट गेलं, आणि ऐन वेळेचं तिकीट त्याच्या कितीतरी पट. सल्ला देणारा तेव्हा ग्रुपवर 'सीन' करून गप्प असतो. दुसरा महाभाग सांगेल की डॉइचलँडटिकेट काढ, महिनाभर कुठेही फिर. ते 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63 युरो आहे, आणि शहरात राहायला खरंच उत्तम आहे. पण ते फक्त स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीईला नाही. सत्तेचाळीस किलो सामान घेऊन तीन ठिकाणी गाड्या बदलायची हौस असेल तर जरूर करा.

सामान. गाडीत सामान तुमचं तुम्हीच चढवायचं आणि उतरवायचं. मुंबईच्या काउंटरवर बॅगेला टॅग लावतात तेव्हा त्यावरची तीन अक्षरं स्वतः वाचा. एफआरए, म्हणजे फ्रँकफर्ट, हवं. तिकिटावर शेवटी क्यूकेएल दिसतं म्हणून काउंटरवरचा मुलगा कधीकधी गोंधळतो आणि आपण 'बॅग थेट जाईल' असं ऐकून खूश होतो. थेट जात नाही. फ्रँकफर्टला पट्ट्यावरून घ्यायची, कस्टममधून बाहेर काढायची आणि मग स्टेशन. पाट्या बघताना 'फेर्नबानहोफ' शोधायचं, 'रेगिओनालबानहोफ' नव्हे. पहिलं पुलापलीकडचं, प्लॅटफॉर्म 4 ते 7. दुसरं टर्मिनलखालचं, प्लॅटफॉर्म 1 ते 3, लोकल गाड्यांचं. खाली गेलात तर फ्रँकफर्ट शहर बघाल, कोलोन नाही.

बॅगेत काय भरू नये यावर आयांशी वाद घालून मी थकलो. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपाबाहेरून आणायला बंदी आहे. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, बर्फी नाही. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल आणा. लोणच्याची बरणी आणायचीच तर दोन पिशव्यांत गुंडाळा, आणि कुकर एकच. दोन कुकर आणणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्लॅटफॉर्मवरचं थोडं नीट सांगतो, कारण हे कुणीच सांगत नाही. कोलोनला आपल्या कामाची दोन स्टेशनं आहेत. एक कॅथेड्रलशेजारचं मुख्य स्टेशन, दुसरं ऱ्हाइन नदीपलीकडचं मेसे-डॉइट्झ. विमानतळाला जाणाऱ्या काही आयसीई फक्त डॉइट्झला थांबतात, आणि तेही तळमजल्याच्या खालच्या प्लॅटफॉर्मवर. तिकिटावरचं स्टेशनचं नाव शेवटपर्यंत वाचा. चुकलात तर लोकलने एकच स्टेशन आहे, पण प्लॅटफॉर्म बदलण्यात गाडी जाते.

प्लॅटफॉर्मवर ए, बी, सी असे विभाग असतात, आणि आपला डबा कुठे येणार ते फलकावर दिसतं. तुम्ही शहाण्यासारखे डी विभागात दोन बॅगा घेऊन उभे. गाडी यायला दोन मिनिटं असताना भोंग्यावर घोषणा होते, जर्मनमध्ये, आणि अख्खा प्लॅटफॉर्म एकदम चालायला लागतो. डबे आज उलट्या क्रमाने आहेत. अशा वेळी जर्मन कळत नसलं तरी लोकांच्या मागे जा. तेवढं न जमलं तर समोर येईल त्या दारातून आत शिरा आणि आतून चालत जा. गाडी आपल्यासाठी थांबत नाही. सामानाचा मोठा रॅक डब्याच्या मध्ये किंवा टोकाला असतो. बॅग डोळ्यांसमोर ठेवा.

म्युनिकला उतरणाऱ्यांनो, तुम्हाला यातलं बरंच लागू नाही. म्युनिक विमानतळावर लांब पल्ल्याची गाडीच येत नाही. एस1 किंवा एस8 लोकलने शहरात जायचं आणि तिथून पुढे. एजंट म्युनिकमार्गे थोडं स्वस्त देत असेल आणि पुढे न्युरेंबर्ग किंवा श्टुटगार्टला जायचं असेल तर मी फ्रँकफर्टच घेईन.

पॅरिसला हाच प्रकार एअर फ्रान्स आणि फ्रेंच रेल्वे मिळून करतात; शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल 2 लाच वेगवान गाड्यांचं स्टेशन आहे, 1994 पासून. ऑस्ट्रियात लिंझ आणि साल्झबर्गसाठी व्हिएन्ना विमानतळावरून अशी गाडी मिळते, स्वित्झर्लंडमध्ये झुरिकहून. नियमांचा गाभा सगळीकडे तोच, अटी मात्र त्या त्या एअरलाइनच्या वाचा.

आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून एक नवी भानगड आहे. दिल्लीमार्गे तिकीट असेल तर मुंबईचा कोड बीओएम आहे की नवी मुंबईचा एनएमआय हे दोन्ही बाजूंना वेगवेगळं तपासा. वाशी-बेलापूरवाल्यांना एनएमआय जवळचा, म्हणून जर्मनीला जाताना तो घेतात, आणि परत येताना तिकीट बीओएमचं निघू शकतं. घ्यायला येणाऱ्या बाबांना कोड कळवा, नुसतं 'मुंबई' नको.