टचस्क्रीनच्या गाडीची आंधळी तालीम

साताऱ्यात मोटार ड्रायव्हिंग शिकवायला लागून मला 19 वर्षं झाली. माझ्या शिकवायच्या गाडीत ए.सी.ची तीन गोल बटणं आहेत, रेडिओ कधीच बंद पडलाय आणि माझ्या पायाशी एक जादा ब्रेक आहे. लोक लायसन माझ्याकडं काढतात आणि पुढच्या आठवड्यात दहा इंची स्क्रीनची गाडी दारात उभी करतात. मग फोन येतो, "सर, गाडी येते चालवता, पण त्यातलं ते टीव्हीचं काही कळत नाही. एकदा शेजारी बसा ना."

दोन पावसाळ्यांपूर्वी असाच एका काकूंच्या शेजारी बसलो. पुण्याला लेकीला सोडून सातारला परत येत होतो. जुलै महिना, खंबाटकीचा चढ, धो धो पाऊस. मागं दोघं ओल्या कपड्यांत बसलेले. बघता बघता काचेला आतून वाफ धरली. काकूंनी स्क्रीनला बोट लावलं, तर तिथं नकाशा. ए.सी. नकाशाच्या मागं कुठंतरी. त्या एक-एक चिन्ह दाबत गेल्या आणि गाडीत मोठ्यानं भजन सुरू झालं. पुढं कांद्याचा ट्रक पहिल्या गिअरवर रांगत होता. माझा पाय सवयीनं ब्रेक दाबत होता, पण ती गाडी काकूंची. पायाखाली नुसती चटई! मी ओरडलो तेव्हा त्यांनी दाबला. ट्रकची साखळी बॉनेटवर वाजायची तेवढी राहिली.

गंमत म्हणजे वाफ घालवायचं वेगळं, दाबायचं, खरंखुरं बटण त्याच गाडीत स्क्रीनच्या खाली होतं. चार महिने गाडी वापरून काकूंना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे कबूल करतो.

तेव्हापासून नव्या गाडीवाल्याला मी आधी रस्त्यावर नेतच नाही. गाडी उघड्या जागेत उभी करायची, हँडब्रेक वर, इंजिन चालू, अर्धा तास. तळघरातल्या पार्किंगमध्ये हे करू नका, धूर कोंडतो.

पहिली दहा मिनिटं नुसतं शोधायचं. पुढच्या काचेची वाफ, मागच्या काचेची वाफ घालवणारी जाळी, वायपरचा वेग, हॅझर्ड म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण, पंखा कमीजास्त, आवाज कमीजास्त, आणि स्क्रीन पूर्ण काळी कशी करायची. पुढच्या काचेचं चिन्ह वरून गोलसर असतं, मागचीचं सरळ चौकोनी. दोन्हींवर वाफेच्या वळवळत्या रेघा असतात, म्हणून गोंधळ होतो. काही गाड्यांत स्टिअरिंगवरच्या एका बटणाला तुम्हाला हवं ते काम लावून देता येतं. लोक तिथं गाणी लावतात. तुमच्या गाडीत चालत असेल तर स्क्रीन काळी करायचं काम लावा.

मग आंधळी तालीम. नजर समोरच्या पाण्याच्या टाकीवर ठेवायची आणि मी नाव घेईन ते हातानं शोधायचं. "हॅझर्ड!" हात गेला पाहिजे, मान वळता कामा नये. घरातल्या कुणालाही शेजारी बसवून हे करता येतं. पोरं फार आवडीनं मास्तर होतात आणि मान जराशी हलली तरी पकडतात. तीनदा ओळीनं न बघता जमलं तर ते काम चालत्या गाडीत करायला परवानगी. जे जमत नाही, ते चाकं फिरताना बंद. स्क्रीनवरचं जवळजवळ सगळंच या दुसऱ्या यादीत जातं, कारण गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही. गोल बटण फिरवलं की कट-कट कळतं. काचेवर दाबलं गेलं की नाही, हे बघायलाच लागतं.

हा माझ्यासारख्या जुन्या माणसाचा हट्ट आहे असं कुणी म्हणेल. पण स्वीडनमधल्या 'वी बिलेगारे' या मोटारींच्या मासिकानं 2022 मध्ये विमानाच्या धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटरनं गाड्या पळवल्या आणि चालकांना रेडिओ, सीटची ऊब, काचेची वाफ अशी चार कामं सांगितली. 2005 सालच्या बटणांच्या व्होल्वोत ती 10 सेकंदांत उरकली, 306 मीटरमध्ये. नव्या गाड्यांतल्या सगळ्यात मागं पडलेलीला जवळजवळ 45 सेकंद लागले, म्हणजे 1,372 मीटर. आणि त्या चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता.

वाफेचं एकदा नीट समजून घ्या, आपल्याकडं चार महिने तेच लागतं. काच आतून धुरकट झाली असेल तर ए.सी. चालू आणि हवा बाहेरची घ्यायची; गाडीच्या आत बाण फिरतोय ते चिन्ह बंद. हिवाळ्यात सुद्धा ए.सी. लावायचा, कारण तो हवा कोरडी करतो. वायपर मारल्यावर वाफ गेली तर ती बाहेरून आहे. मग काच फार गार झालीय, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवायचं. पावसात निघताना हे दारातच लावून निघालात तर घाटात काही दाबायची वेळच येत नाही.

निघण्याआधी बाकीचंही उरकून घ्या. ठिकाण टाका, रस्ता एकदा बोटानं शेवटपर्यंत बघा, म्हणजे कुठं वळायचं ते डोक्यात राहतं. नकाशाचा आवाज चालू ठेवा. गाणी लावा. स्क्रीनचा उजेड कमी करा, रात्री तर फारच कमी. भगभगीत स्क्रीनकडं बघून डोळा परत अंधाऱ्या रस्त्यावर नेला की पुढचा विनालाइटचा ट्रॅक्टर दिसायला वेळ लागतो. बोगद्यात नकाशा अडकतो किंवा गाडी भलत्याच रस्त्यावर दाखवतो, तिथं त्याच्याशी भांडू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या नवले पुलाकडचा उतार लागतो आणि तिथं डोळ्यांना दुसरं पुष्कळ काम आहे.

फोन. हातात फोन घेऊन चालवणं 2019 च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक चालवण्यात धरलंय. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता बघण्यापुरती सूट आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेतानं. म्हणजे फोन स्टँडवर. स्टँड ए.सी.च्या जाळीपाशी लावा, काचेवर मध्यावर नको. डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर जिथं एअरबॅग लिहिलंय तिथं तर काहीच नको. एअरबॅग फुटली की ते शेजारच्याच्या तोंडावर येतं. गणपती असला तरी त्याला तिथून हलवा, तो रागावणार नाही.

फोनमध्ये गाडी चालवतानाचं शांत ठेवण्याचं सेटिंग असतं, ते लावा. गाडीच्या स्क्रीनवर मेसेज झळकणंही बंद करा. त्यात बोलण्यासारखं काही नसतं, "गुड मॉर्निंग" आणि गुलाबाचं फूल असतं. स्पीकरवर बोललं तर चालतं का, हे सगळे विचारतात. हात मोकळे राहतात, डोकं राहत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात 2015 मध्ये तपासलं, तेव्हा गाडीशी किंवा फोनशी तोंडी बोलून झाल्यावरही काही वेळा 27 सेकंदांपर्यंत मन जागेवर आलेलं नव्हतं. मी शिकवताना नियम ठेवलाय, "चालवतोय, पोचून करतो" एवढंच बोलायचं.

खरी अडचण फोन करणाऱ्यांची असते. "कुठवर आलास?" हा प्रश्न आपल्या आया शिरवळला एकदा आणि आनेवाडी टोलनाक्याला एकदा विचारणारच. त्यांना निघतानाच व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवा. 15 मिनिटं, 1 तास आणि 8 तास असे तीन पर्याय येतात. सातारा-पुण्याला मी 8 तासांचं लावतो, कारण 1 तासाचं संपलं की काळजीचा फोन दुप्पट वेगानं येतो. आईला ते उघडून बघायला मात्र आधी घरी बसून शिकवा.

शेजारी कुणी असेल तर तो आजचा क्लीनर. ट्रकवर ड्रायव्हर स्टिअरिंग सोडून दुसरं काही करत नाही, खाली उतरणं, मागं बघणं, कागद काढणं क्लीनरचं. तसंच स्क्रीन, फोन, पाण्याची बाटली सगळं शेजारच्याकडं. तो झोपला तर मागं पाठवा.

एकटे असाल आणि बघायलाच लागलं, तर "एकशे एक, एकशे दोन" म्हणायच्या आत डोळे रस्त्यावर. ताशी 80 ला दोन सेकंदांत गाडी 44 मीटर जाते, म्हणजे एस.टी.चे जवळजवळ चार लाल डबे एकामागं एक. दोन सेकंदांत जे होत नाही ते पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलच्या आवारात. हायवेच्या कडेला हॅझर्ड लावून थांबणं हा उपाय नाही, मागून येणाराही स्क्रीनच बघत असू शकतो.

गाडी अजून घ्यायची असेल तर शोरूममध्ये हीच तालीम करा. सेल्समन सनरूफ उघडून दाखवेल, तुम्ही डोळे मिटून पंखा वाढवून बघा. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरोपातल्या एनकॅप या संस्थेनं 2026 पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि मदतीच्या कॉलला खरं बटण नसेल तर पाच तारे मिळणं अवघड केलंय. म्हणजे बटणं परत येतील, पण आपल्या बजेटच्या गाडीत कधी, ते सेल्समनला विचारून उपयोग नाही.

आणि सर्व्हिसिंगनंतर एकदा पाच मिनिटं पुन्हा बसा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की चिन्हं जागा बदलतात. काकूंच्या गाडीत गेल्या दिवाळीत तसंच झालं. त्यांनी सर्व्हिस सेंटरच्या आवारातच नातवाला शेजारी बसवलं आणि समोरच्या नारळाच्या झाडावर नजर लावली.